बुधवारचा शास्त्रपाठ
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



बुधवारी दुपारी माझ्या दाराबाहेर सहा-सात जोड चपला दिसतात, हे आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले आहे. परवा जिन्यात भेट झाली तेव्हा पलीकडच्या वहिनींनी मला सरळच विचारले, "तुम्ही वर्षानुवर्षे एकच पुस्तक वाचता, ते संपत कसे नाही हो?" मी हसले, पण उत्तर काही देता आले नाही. दोन दिवसांनी चिटणीसबाईंचा निरोप आला की, वर्धापनदिनाला याच विषयावर बोला. मी काही वक्ती नाही. शाळेत अठ्ठावीस वर्षे गणित शिकवले, तेव्हा उभे राहून बोलायची सवय तेवढी आहे.

माझे माहेर नगरचे. तिथले आमचे ख्रिस्ती लोक अमेरिकन मराठी मिशनचे. १८३१ साली ते मिशन नगरला आले. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई ही नावे आपण सर्वजणी जाणता; 'स्मृतिचित्रे' ज्या घरात नाही असे आमच्याकडे घर नव्हते. माझे सासर मात्र छिंदवाड्याचे. स्वीडनहून आलेल्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या भागात काम सुरू केले, म्हणून तिथली मंडळी लूथरन. १९७८ साली लग्न होऊन मी नागपूरहून छोट्या गाडीने छिंदवाड्याला गेले. (ती अरुंद रुळांची गाडी २०१५ साली बंद झाली. चहा प्यायला उतरावे आणि धावत जाऊन पुन्हा चढावे, इतक्या सावकाश ती जाई.) प्रभू तोच, पुस्तक तेच, असे मनाशी म्हणत मी उंबरठा ओलांडला आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंशी माझा वाद झाला. तोही कशावरून, तर अंकांवरून.

सासूबाईंना अक्षर येत नव्हते. लहानपणी मिशनच्या एका बायबलबाईने त्यांच्याकडून 'लहान प्रश्नोत्तरी' तोंडपाठ करून घेतली होती, हिंदीत. रात्री दिवा लागला की त्या घरातल्या मुलांना समोर बसवून विचारीत. त्या दिवशी मीही बसले. त्यांनी विचारले, "आठवी आज्ञा कोणती?" मी नगरच्या संडे स्कूलची बक्षीस मिळवलेली मुलगी. मी ताडकन सांगितले, "चोरीची." मुले खो खो हसली. सासूबाई म्हणाल्या, "चोरीची सातवी. आठवी खोट्या साक्षीची. सूनबाई, नगरला दहा आज्ञा नीट मोजीत नाहीत वाटते!"

मला फार लागले. पुढे कळले की दोघींचेही बरोबर होते. दहा आज्ञा दहाच, पण मोजण्याच्या पद्धती दोन. मूर्तीविषयीचे वचन आमच्याकडे दुसरी आज्ञा म्हणून वेगळे मोजतात. लूथरने पश्चिमेकडच्या चर्चची जुनी मोजणी ठेवली. तीत ते वचन पहिल्या आज्ञेतच येते, आणि शेजाऱ्याच्या वस्तूंचा लोभ धरण्याविषयीची शेवटची आज्ञा दोन भागांत मोजून दहाचा आकडा पुरा होतो. म्हणून मधल्या सगळ्या आज्ञा एकेका घराने सरकतात. गणिताच्या बाईला हे समजायला दोन वर्षे लागली, याची आजही मला लाज वाटते. पण हा आकडा ध्यानात ठेवा. पुढे मला त्याकडे परत यायचे आहे.

ही लहान प्रश्नोत्तरी काय आहे, ते थोडे सांगते. मार्टिन लूथर हा जर्मनीतला साधू आणि विटेनबर्गच्या विद्यापीठातला शिक्षक. १५१७ साली त्याने पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकण्याविरुद्ध पंचाण्णव मुद्दे मांडले, ही गोष्ट शाळेच्या इतिहासात आपण वाचली आहे. १५२२ साली त्याने नवा करार लोकांच्या जर्मन भाषेत आणला आणि १५३४ साली सगळे बायबल. पण मला त्याची जी गोष्ट आवडते ती इतिहासाच्या पुस्तकात सहसा नसते. १५२८ च्या सुमारास तो सॅक्सनीतल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या पाहायला हिंडला. पाहतो तो काय, लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, बाप्तिस्मा घेतलेला आहे, आणि दहा आज्ञा येत नाहीत, प्रभूची प्रार्थना येत नाही. काही ठिकाणी तर पाळकालाच शिकवता येत नव्हते. तो घरी येऊन नुसता रागावून बसला नाही. १५२९ साली त्याने अगदी लहानसे पुस्तक लिहिले. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, एवढेच विषय. प्रत्येक वाक्यापुढे मुलाने विचारावा तसा प्रश्न, "म्हणजे काय?", आणि त्याचे दोन-चार ओळींचे उत्तर. पुस्तक होण्यापूर्वी तो मजकूर मोठ्या कागदांवर छापून भिंतीला लावायला दिला होता. घरातल्या कर्त्याने मुलामाणसांना आणि नोकरचाकरांना तो घरीच शिकवावा, अशी त्याची योजना. आमच्या घरी कर्ते पुरुष दौऱ्यावर असत, म्हणून ते काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतले होते.

त्या उत्तरांची गोडी एका उदाहरणाने सांगते. प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागायची असते. आता भाकर म्हणजे काय? लूथर नुसत्या धान्यावर थांबत नाही. कपडे, पायांतले जोडे, घर, शेत, गुरे, चांगला जोडीदार, शहाणी मुले, चांगले सरकार, वेळेवर पाऊसपाणी, आरोग्य, आणि यादीच्या शेवटाला चांगले शेजारी. हे सगळे भाकरीतच मोडते. मी मंडळाची सभासद झाले तेव्हा ही यादी मनात होती, हे आज सांगायला हरकत नाही.

दुसरी एक गोष्ट पुरुषमंडळींच्या कानावर घालण्यासारखी आहे. १५२२ साली विवाहावर लिहिताना लूथर म्हणतो की, बाप बाळाचे लंगोट धुतो आणि लोक त्याला हसतात. पण तो ते श्रद्धेने करीत असेल तर देव आणि सारे देवदूत त्याच्याकडे पाहून प्रसन्न होतात. देवाची सेवा करायला मठात जावे लागत नाही, मोरीवर बसूनही ती होते, असे त्याचे म्हणणे. आमच्या यजमानांना मी हे वाचून दाखवले होते. ते म्हणाले, "देवदूत पाहतील तेव्हा पाहतील, आधी शेजारी पाहतात." असो.

आता बुधवारी आम्ही काय करतो ते. एक अध्याय घ्यायचा. पाळीपाळीने चार-पाच ओव्या वाचायच्या. जिला वाचता येत नाही तिला शेजारणीने हळू सांगायचे आणि तिने मोठ्याने म्हणायचे. मग लूथरन लोकांची एक जुनी रीत आहे, तिने त्या अध्यायाला दोन प्रश्न करायचे. इथे देव माझ्याकडून काय मागतो? आणि इथे देव मला काय देतो? पहिल्याला नियमशास्त्र म्हणतात, दुसऱ्याला सुवार्ता. दोन्ही शोधायची, आणि एकीची दुसरीत भेसळ करायची नाही. नुसते मागणेच वाचले तर माणूस एक तर खचतो, नाही तर आपल्याला सगळे जमते अशा ताठ्यात फिरतो. नुसते देणेच वाचले तर तो सैल पडतो. मनुष्य आपल्या पुण्याईने नव्हे, तर कृपेने, विश्वासाच्या द्वारे देवापुढे उभा राहतो, हा त्या शिकवणीचा कणा. आणि विश्वास ठेवणारा माणूसही मरेपर्यंत एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, असे लूथर सांगतो. ऐकायला विचित्र वाटते. मला ते पटले, ते पुस्तक वाचून नव्हे.

१९९१ सालची गोष्ट. छिंदवाड्याला आमच्या स्त्रियांच्या शास्त्रपाठाची मी चिटणीस होते. पावसाळ्यात एक बाई येऊ लागली. सौंसरकडची, मराठी बोलणारी, शिवणकाम करून पोट भरणारी. ती दाराशी बसे आणि प्रार्थना संपली की कोणाशी न बोलता उठून जाई. थोड्याच दिवसांत कुजबूज सुरू झाली. हिचा नवरा जिवंत आहे, आणि ही राहते दुसऱ्याच्या घरात. तो विधुर, त्याची मुले लहान, हिची दोन. कोणी काय पाहिले, कोणी काय ऐकले, ते मी इथे सांगत नाही.

त्या बुधवारी योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय होता. शोमरोनी स्त्री भर दुपारी विहिरीवर पाणी भरायला येते. येशू तहानलेला, तो तिच्याजवळ पाणी मागतो. बोलता बोलता तो तिला सांगतो की तुला पाच नवरे झाले आणि आता जो आहे तो तुझा नवरा नव्हे. वाचणारीचा आवाज तिथे जरा अडखळला. दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिले. मग ती दाराशी बसलेली बाई पहिल्यांदाच बोलली. तिने विचारले, "ती आपली घागर तिथेच का टाकून गेली?"

शास्त्रात आहे तसे. ती स्त्री घागर विहिरीवर सोडून गावात जाते आणि लोकांना बोलावून आणते. प्रश्न साधा होता. पण कोणी उत्तर दिले नाही. एकीने पदर तोंडाला लावला. मी चटकन शेवटची प्रार्थना सुरू केली.

बाहेर आल्यावर तिघीचौघींनी मला घेरले. "चिटणीस तुम्ही, तुम्हीच सांगा." मी गेले आणि पायरीवर तिला गाठून म्हणाले, "तुम्ही काही दिवस येऊ नका. मंडळीत बोलणे होते." तिने मान हलवली. भिजलेली छत्री उघडली आणि गेली. मी मोठे काम केले अशा थाटात घरी आले आणि भाजी चिरायला बसले.

सासूबाईंना कोणीतरी आधीच सांगितले होते. त्या ओसरीवर तांदूळ निवडीत होत्या. वर न पाहता त्यांनी विचारले, "सूनबाई, आठवी आज्ञा कोणती?" मला राग आला. तेरा वर्षे झाली होती लग्नाला, मी काय आता परीक्षा द्यायची? मी मुद्दाम माझ्या माहेरचा हिशेब सांगितला. "चोरीची."

"बरं," त्या म्हणाल्या, "तीच समज. तिचे नाव चोरून आलीस."

मी काही बोलले नाही. लूथरने आठव्या आज्ञेचा अर्थ लिहिताना नुसते खोटे बोलू नये असे म्हटलेले नाही. शेजाऱ्याविषयी चांगले बोलावे, त्याची बाजू घ्यावी, आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीचा होईल तितका चांगला अर्थ लावावा, असे म्हटले आहे. मला ते पाठ होते. मुलांना मीच तर शिकवीत होते. पण त्या बाईला मी एक शब्दही विचारला नव्हता.

तरी मी लगेच तिच्याकडे गेले असे समजू नका. पुढे दोन महिने मी तिच्या घराच्या वळणावरूनही गेले नाही. त्या डिसेंबरात यजमानांबरोबर तामिळनाडूत जाण्याचा योग आला. तरंगमबाडी पाहिले. हिंदुस्थानात लूथरन लोकांचे काम तिथे सुरू झाले. १७०६ साली झीगेनबाल्ग समुद्रमार्गे उतरला, त्याने तामीळ शिकून लूथरची प्रश्नोत्तरी तामिळात नेली आणि १७१५ साली तामीळ नवा करार छापला. १७१८ साली उभे राहिलेले त्याचे चर्च अजून आहे. त्याच मंडळ्यांत जातीजातींनी वेगळे बसण्याची रीत पुष्कळ काळ चालली, हेही तिथेच ऐकले. विश्वास एक आणि चटया वेगळ्या! आम्हा लोकांना दुसऱ्याला बोट दाखवायला जागा नाही, हे मी कबूल करते.

पण माझ्या मनात राहिले ते पाळयंकोट्टैचे एक लहानसे जुने चर्च. ते एका आपल्या मराठी बाईने बांधलेले. तंजावरला भोसल्यांचे राज्य होते हे आपण जाणता. तिथली ही एक मराठी ब्राह्मण विधवा. लिटल्टन नावाच्या इंग्रज अंमलदाराने तिला सती जाण्यापासून वाचवले असे सांगतात. ती त्याच्याबरोबर राहिली, पण लग्न झाले नव्हते. त्याने तिला ख्रिस्ती धर्माची माहिती दिली. तिने बाप्तिस्मा मागितला तेव्हा श्वार्ट्झ या लूथरन पाळकाने नकार दिला. तुमचे राहणे धर्माला धरून नाही, म्हणून. हा श्वार्ट्झ लहान माणूस नव्हे. सरफोजीराजांना ज्याच्या हाती सोपवले तो हाच. राजे स्वतः हिंदू राहिले, तरी श्वार्ट्झच्या मृत्यूनंतर त्यांनी त्याच्या स्मरणार्थ संगमरवरी शिल्प करवून घेतले. तर लिटल्टन वारला आणि मग १७७८ साली श्वार्ट्झने तिला बाप्तिस्मा दिला. नाव ठेवले क्लॅरिंडा. पाळयंकोट्टैच्या मंडळीची १७८० सालची पहिली नोंद पाहिली तर चाळीस माणसे आहेत आणि त्यांत पहिले नाव तिचे. १७८५ साली तिने ते चर्च बांधून पुरे केले. तिथले लोक त्याला बामणीण बाईचे चर्च म्हणतात.

श्वार्ट्झचे चुकले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन ही मंडळीच्या शिस्तीची गोष्ट आहे, आणि तो पाळक होता. पण त्या लहान चर्चच्या भिंतीला हात लावून उभी असताना माझ्या मनात आले, त्याने बाप्तिस्मा नाकारला, ऐकणे नव्हे. शास्त्र ऐकायला कोण येते यावर दारात पहारा करायला मला कोणी सांगितले होते?

परत आल्यावर मी सासूबाईंना बरोबर घेऊन त्या घरी गेले. एकटीने जायचा धीर नव्हता. तिने आम्हाला मशीनजवळच्या पेटीवर बसवले, चहा केला. मी म्हणाले, "बाई, माझे चुकले." ती म्हणाली, "ताई, लोक बोलतात ते खरेच आहे. नवऱ्याने टाकले, कागद केला नाही. यांनी पोरांना छप्पर दिले. मी काय करू?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. सासूबाईंनी तिच्या धाकटीला मांडीवर घेतले आणि त्याही गप्प बसल्या.

पुन्हा बुधवारी या, असे मी म्हटले. तिने नाही सांगितले. अगदी शांतपणे सांगितले. मग सासूबाई म्हणाल्या, "शुक्रवारी आम्हीच येत जाऊ. ही वाचील."

अशी आमची शुक्रवारची वाचने सुरू झाली. बुधवारचा पाठ हिंदीत चाले. इथे मात्र तिची आणि माझी भाषा एक, म्हणून माहेरहून आणलेले, तेरा वर्षे पेटीत पडलेले माझे मराठी बायबल पहिल्यांदा त्या गावात मोठ्याने वाचले गेले. सासूबाईंना निम्मे कळे, निम्मे त्या विचारून घेत. मशीन थांबवून ती ऐके. कधी गिऱ्हाईक येई, मग तेही बसे. पहिल्याच शुक्रवारी मी तोच चौथा अध्याय काढला आणि शेवटी तिला म्हणाले, "तुम्ही विचारले होते त्याचे उत्तर आता देते. ती घाईत होती, आनंदात घागर विसरली. पुष्कळ टीकाकार असेच म्हणतात."

ती हसली. म्हणाली, "ताई, बाईमाणूस घागर विसरत नाही. तिला परत यायचे होते, म्हणून ठेवली असेल."

मी ती ओवी नगरला, छिंदवाड्याला किती वेळा वाचली असेन. हे मला कोणी सांगितले नव्हते.

पाच वर्षे ते शुक्रवार चालले. १९९६ साली ते कुटुंब कामधंद्यासाठी गाव सोडून गेले. पहिल्या वर्षी दिवाळीला एक पत्र आले, मग नाही. सासूबाई २००२ साली गेल्या; शेवटच्या आजारातही नातवंडांना आज्ञांचे आकडे विचारीत होत्या, आणि एका नातवाने मुद्दाम नगरच्या हिशेबाने उत्तर दिले तेव्हा त्या हसल्या होत्या.

तर वहिनींनी विचारले, पुस्तक संपत कसे नाही. मी आज ते बरोबर आणले आहे. योहानाच्या चौथ्या अध्यायापाशी निळ्या शिलाईच्या दोऱ्याचा एक तुकडा आहे, तो तिने खुणेला ठेवलेला. कार्यक्रम झाल्यावर चहाच्या वेळी ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जरूर पाहावे. दोरा मात्र आहे तिथेच राहू द्यावा.